ग्लेन टॉर्फिनची बेरी

लंडनच्या हॅरो भागातल्या ज्या प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये नंदाताई पांढरीपांडे एकतीस वर्षं कामाला होत्या, तिथे दूध चांगलं आहे की नासलं हे बाटलीवरची तारीख बघून कुणी ठरवत नसे. बाटली नंदाताईंच्या नाकासमोर धरत.

“उद्या दुपारपर्यंत चालेल,” त्या म्हणायच्या. “कस्टर्डला वापरा. चहाला नको.”

दूध बरोबर दुसऱ्या दिवशी दुपारी नासायचं. ते नंदाताईंना घाबरून वेळ पाळतं, असं हेडटीचरचं मत होतं.

घरीही हाच कारभार. नवरा रघुवीरराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, तीन वेळा कुलूप ओढून बघणारे गृहस्थ. पण स्मोक अलार्म त्यांनी कधी लावला नाही. काउन्सिलचं पत्र आलं की म्हणत, “कशाला? मी लग्न केलंय ना.”

मग कोविड आला आणि नंदाताईंचं नाक गेलं. सात आठवडे. लसणाची फोडणी म्हणजे नुसता आवाज. आठव्या आठवड्यात नाक एकाएकी परतलं. सुरुवात शेजाऱ्यांच्या ओल्या कुत्र्यापासून झाली. नंदाताई आनंदाने घरभर फिरल्या. चपला हुंगल्या, हिंगाची डबी हुंगली, पासपोर्ट हुंगले. किचनमध्ये येऊन वर बघतात तर छताला एक पांढरी तबकडी.

“हे काय आणि?”

“अलार्म,” रघुवीरराव म्हणाले. “आपला तात्पुरता.”

“अहो, नाक आलंय माझं!”

“आलंय ना. छानच झालं. पण ते किती आलंय, हे कळणार कसं?”

रघुवीररावांनी हे सिग्नलवाल्याच्या सरळपणाने विचारलं आणि ते टीव्ही बघायला गेले. नंदाताई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. खरंच, किती आलंय? सगळं, की नव्वद टक्के? उरलेल्या दहा टक्क्यांत काय काय होतं, हे ज्या नाकाने सांगायचं तेच तर परत आलं नसेल. त्या दिवसापासून त्या कुणाला दुधाबद्दल मत देईनाशा झाल्या. बाटलीवरची तारीख वाचायला लागल्या. चष्मा लावून.

हे चाललेलं असताना एका शनिवारी मुलगा आला. अनुप. वय अडतीस, जन्म हॅरोचा, नोकरी मध्य लंडनला इन्शुरन्समध्ये. मराठी न लाजता बोलतो, पण पुल्लिंग-स्त्रीलिंग ओंजळीने उधळतो.

“आई, हा बाटली वास घे.”

“ही बाटली,” रघुवीरराव पेपरामागून म्हणाले.

“ही बाटलीचा.”

“हिचा.”

“बाबा, प्लीज. इट्स इम्पॉर्टंट.”

बाटली बोटाएवढी होती आणि आत पाण्यासारखं काहीतरी होतं. अनुपने सांगितलं ते असं : स्कॉटलंडमध्ये, इन्व्हरनेसच्याही वर, ग्लेन टॉर्फिन नावाची व्हिस्कीची भट्टी होती. १९८३ साली ती बंद पडली. तांब्याचे हंडे भंगारात गेले, जागेवर कारपार्क झाला. आता अनुप आणि त्याच्यासारखेच चाळीसेक व्हिस्कीवेडे मिळून शेजारच्या गावात नवी भट्टी चालवत होते, आणि त्यांना जुन्या ग्लेन टॉर्फिनच्याच वासाची व्हिस्की काढायची होती. अडचण एकच होती. तो वास कसला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नव्या भट्टीतल्या फर्गसचे आजोबा पूर्वी जुन्या भट्टीत कामाला होते; त्यांच्या शेडमध्ये लेमोनेडच्या बाटलीत जुन्या हंड्यातून थेट उतरलेली, पिंपाचं तोंडही न बघितलेली दारू सापडली होती. तेवढाच काय तो पुरावा. लॅबमध्ये दिली, तर मशीनने चारशे बारा रसायनांची यादी छापून दिली. एका तज्ज्ञाने लिहिलं, ‘शरद ऋतूतला रविवार’. दुसऱ्याने लिहिलं, ‘भिजलेलं खोगीर, पण शूर’.

“खोगीर शूर?” नंदाताईंनी विचारलं.

“म्हणून तर तुझ्याकडे आलो. तुझा नाक बेस्ट आहे.”

“तुझं नाक,” पेपर म्हणाला.

“होतं,” नंदाताई हळूच म्हणाल्या.

तरी त्यांनी बूच काढलं, बाटली नाकाखाली धरली आणि डोळे मिटले. क्षणभर चेहऱ्यावर काहीच नाही. मग त्यांच्या भुवया इतक्या वर गेल्या की रघुवीररावांनी पेपर खाली ठेवला.

“अगं बाई! बेरी!”

अनुपने लगोलग व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मॉरॅग आली. भट्टीची मुख्य, चाळिशीची, लाल केसांचा अंबाडा आणि त्यात खोचलेली पेन्सिल. नंदाताईंनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द मोजून, स्पष्ट सांगितलं, “इट इज बेरी. नाइस वॉर्म ब्राउन बेरी. जस्ट बिफोर बर्निंग.”

मॉरॅगने पेन्सिल उपसली. “बेरी,” ती पुटपुटली. “उन्हाने पिकलेली. अप्रतिम!”

चूक झाली ती इथे, आणि ती फक्त हॅरोतच होऊ शकते. या घरात वाक्य मराठीत निघतं, वाटेत इंग्रजी शब्द गाडीत घेतं आणि कुठे उतरेल ते सांगता येत नाही. त्यामुळे अडला शब्द कानावर आला की अनुपचा कान तो इंग्रजीच धरून चालतो. आई स्कॉटिश बाईशी बोलतेय. बेरी म्हणजे बेरी.

पुढचे अठरा महिने उत्तर स्कॉटलंडमधलं एक अख्खं गाव बेरीच्या मागे लागलं.

व्हिस्कीत फळ घालायला कायद्याची बंदी. जव, पाणी आणि यीस्ट, बस. तेव्हा बेरीचा वास आणायचा तर तो यीस्टकडूनच काढून घ्यावा लागणार. मॉरॅगने चौदा प्रकारची यीस्टं आणून बघितली. दोन दिवस आंबणारं मिश्रण पाच दिवस ठेवलं. यीस्टला ऊब लागावी म्हणून हौदांना गोधड्या गुंडाळल्या. ओढ्याकाठी रास्पबेरीची ऐंशी झुडपं लावली. का, तर पाण्याला विषयाची ओळख व्हावी. फर्गस हा भट्टीचा हंडेवाला, साडेसहा फुटी, मितभाषी. तो एकदाच म्हणाला की माझ्या आजोबांच्या कोटाला तर बेरीचा वास येत नव्हता. त्याला सांगण्यात आलं की लंडनच्या बाईंचं नाक असामान्य आहे. पुढच्या महिन्यात तो जांभळा स्वेटर घालून आला.

अखेर निमंत्रण आलं : मिसेस पी यांनी यावं आणि शिक्कामोर्तब करावं.

“कुठे निघालात दोघं?” महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी विचारलं.

“दारूच्या भट्टीवर,” रघुवीरराव म्हणाले. “हिला बोलावलंय.”

ही बातमी शेजारच्या स्टॅनमोरला पोचायला एक दुपार पुरली.

किंग्ज क्रॉस स्टेशनहून आठ तासांचा प्रवास, बरोबर धपाटे आणि अनुप. भट्टीच्या फाटकावरच नवी पाटी होती, तिच्यावर तीन लालचुटुक बेऱ्या. मॉरॅगने नंदाताईंचे दोन्ही हात धरले. फर्गसने वाकून नमस्कार केला. वाकूनही तो त्यांच्यापेक्षा उंचच होता. टेबलावर दोन पेले मांडले होते : डावीकडे लेमोनेडच्या बाटलीतली जुनी, उजवीकडे हंड्यातून नुकतीच उतरलेली नवी.

नंदाताईंनी डावा पेला हुंगला. मान डोलावली. उजवा हुंगला. मान थांबली.

“हा जॅम आहे,” त्या म्हणाल्या.

“थँक यू!” मॉरॅगच्या डोळ्यांत पाणी आलं. “अठरा महिने, मिसेस पी!”

“छान आहे जॅम. पण बेरी कुठाय?”

“हीच की! जॅम बेरीचाच असतो.”

“डाव्यात आहे बेरी. उजव्यात नाही.”

मॉरॅगने दोन्ही पेले हुंगले, फर्गसने हुंगले, अनुपने हुंगले. तिघांनाही दोन्हीकडे बेरी येत होती. अठरा महिन्यांत त्यांना पावातही बेरी यायला लागली होती.

“आई,” अनुप म्हणाला, “तूच बोललीस बेरी. आता सगळ्यांना येतो, आणि तुलाच नाही येत?”

रघुवीरराव जवळ आले. आवाज अगदी मऊ करून म्हणाले, “अगं, परत गेलो की दाखवू या एकदा डॉक्टरांना. त्यात काय एवढं.”

ते मऊ बोलले, तेच जिव्हारी लागलं. नंदाताई बाहेर गेल्या आणि एका रिकाम्या पिंपावर बसल्या. मेंढी हुंगली, म्हणजे वाऱ्यावर आलेली. गवत. डिझेल. स्वतःची शाल : नॅप्थलीन, चंदन, ट्रेनमधल्या बाईचं परफ्यूम. सगळं होतं. मग आत टेबलावर दोन पेले, आणि तीन शहाणी माणसं म्हणतात एक आहे, आपण म्हणतो दुसरंच आहे. तिघांची नाकं चुकतील की एकीचं?

त्या तशाच उठून आत आल्या. “मॉरॅग, मी फोनवर काय म्हणाले होते? लिहिलं होतंस ना? दाखव मला.”

मॉरॅगने वही आणली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत शब्द होता, दोनदा अधोरेखित. नंदाताईंनी चष्मा लावला.

“बी, ई, आर, आर, वाय,” त्यांनी वाचलं. “ही कुठली बेरी? स्ट्रॉबेरीतली?”

“अर्थात.”

“बाई गं!” नंदाताई मटकन बसल्या. “मी बेरी म्हणाले! बेरी! तुपाची बेरी!”

“तुपाचा बेरी म्हणजे काय?” अनुपने विचारलं.

नंदाताईंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. उत्तर रघुवीररावांनी दिलं. आपल्या गावाचं, नागपूरचं, नाव निघाल्यासारखे ते एकदम रंगात आले.

“अरे, लोणी कढवलं ना, की तूप वर आणि खाली दुधाचा चोथा राहतो तांबूस. खमंग! माझी आई त्यात साखर घालून आम्हा भावंडांना द्यायची, मारामाऱ्या व्हायच्या. तू नाही खाल्लीस कधी. इथल्या लोण्याला बेरी निघतच नाही. इकडे आल्यावर तुझ्या आईनेच मला...” ते थांबले. हळूहळू बायकोकडे वळले. “नंदा.”

नंदाताई खिडकीबाहेर बघत होत्या.

“नंदा, इंग्लंडच्या लोण्याला बेरी नसते, असं तू मला म्हणाली होतीस.”

“असते थोडीशी.”

“थोडीशी म्हणजे?”

“वाटीभर.”

“चाळीस वर्षं?”

“रोज कुठे? दर दुसऱ्या रविवारी फक्त.”

“आणि तू ती...”

“ओट्याशी उभ्या उभ्या,” नंदाताई म्हणाल्या. “चमच्याने. तुम्ही क्रिकेट बघत असायचे तेव्हा.”

मॉरॅगने अनुपला विचारलं, काय चाललंय. “आय थिंक,” अनुप म्हणाला, “माझे आईबाबाचा डिव्होर्स चाललाय. पण व्हिस्की वाचेल.”

गावातल्या दुकानातून बिनमिठाच्या लोण्याचे सहा पुडे आले. भट्टीच्या चहाच्या खोलीत विजेची शेगडी होती, पातेलं होतं. नंदाताईंनी बाह्या सरसावल्या. सगळे भोवती उभे राहिले. लोणी वितळलं, फेसाळलं, कडकडायला लागलं.

“आता ऐका,” त्या म्हणाल्या. “हे बडबड करतंय तोवर कच्चं. गप्प झालं की तूप झालं. गप्प झाल्यावर लगेच काढलं तर बेरी पांढरी, मिळमिळीत. जरा थांबायचं. खरपूस वास येतो. आणखी थांबलात की करपलं, गेलं सगळं. ती मधली जागा आहे ना, दोन श्वासांची, तीच.”

तूप गप्प झालं. त्या थांबल्या, नाक पुढे काढून. मग झटक्यात पातेलं उतरवलं, तूप गाळलं आणि गाळणं फर्गसच्या नाकाखाली धरलं. दुसऱ्या हाताने लेमोनेडच्या बाटलीतला पेला.

फर्गस इकडे वळला, तिकडे वळला. त्याने हळूच जांभळा स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला. “आजोबांचा कोट,” तो म्हणाला.

मॉरॅग जमिनीवर बसली. अनुप म्हणाला, “ओ माय गॉड.” या गडबडीत रघुवीररावांनी गाळणं ताब्यात घेतलं, साखर शोधली आणि बेरी संपवली. बायकोला चमचाभरही दिली नाही. ती मागणार नाही, इतपत त्यांना माहीत होतं.

आता प्रश्न असा की व्हिस्कीत लोणी नसतं, दूध नसतं, तर बेरी आली कुठून? फर्गस शेडमधून आजोबांच्या नोंदवह्या घेऊन आला. जुने हंडे खालून कोळशाच्या जाळावर तापत. आतलं दाट मिश्रण बुडाला लागू नये म्हणून तांब्याची एक जड साखळी बूड घासत गोल गोल फिरे. आणि १९५२ पासून दर सोमवारी आजोबांनी एकच नोंद केली होती : ‘साखळी एका बाजूने तुटली आहे. दुरुस्ती हवी.’ शेजारी ऑफिसचं उत्तर : ‘पुढच्या आठवड्यात.’ असे एकतीस वर्षांचे सोमवार. शेवटची नोंद भट्टी बंद पडली त्या आठवड्याची होती. तिच्याहीसमोर ‘पुढच्या आठवड्यात’ होतं.

“म्हणजे एका बाजूला खरवड धरायची,” नंदाताई म्हणाल्या. “चंद्रकोरीएवढं बुडाला लागायचं. पण करपत नव्हतं. ते तुझ्या आजोबांचं लक्ष.”

जगभरचे शौकीन ज्या चवीसाठी हळहळत होते, ती चव म्हणजे ऑफिसचा आळशीपणा होता.

मॉरॅगने नव्या हंड्याखाली वाफेऐवजी जाळ आणला आणि बर्मिंगहॅमच्या एका कारखान्याला साखळीची ऑर्डर दिली : एका बाजूने तुटलेली. अनुप त्या फोनवर होता.

“सर, आम्ही तुटलेली साखळी बनवत नाही.”

“मग चांगली बनवा आणि तोडून पाठवा.”

“त्याला क्वालिटीवाले पास करणार नाहीत. वाटेत तुटली तर मात्र तुम्ही तक्रार करू शकता, आम्ही बदलून देऊ.”

साखळी आली. अखंड, झळझळीत, सोबत सर्टिफिकेट.

“ती तुटलेली पोचली नाही,” अनुपने तक्रार केली.

“अभिनंदन, सर,” कारखाना म्हणाला.

शेवटी फर्गसने ती ओट्यावर धरून करवतीने कापली आणि त्या सोमवारी नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलं : ‘साखळी तुटली आहे.’ मॉरॅगने शेजारी लिहिलं : ‘पुढच्या आठवड्यात.’

चार महिन्यांनी पुन्हा किंग्ज क्रॉस, पुन्हा आठ तास. या वेळी भट्टीवाल्यांची रीतसर परीक्षा होती. तीन पेले. दोहोंत एकच दारू, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली, ते ओळखायचं. जुनी आणि नवी वेगळ्या असतील तर नंदाताईंना कळेलच.

त्यांनी पहिला हुंगला. दुसरा. तिसरा. पुन्हा पहिला. पाणी प्यायल्या, खिडकी उघडायला लावली, रघुवीररावांना त्यांच्या केसांच्या तेलासकट बाहेर घालवलं. पाऊण तास गेला.

“तिन्ही एकच,” त्या म्हणाल्या.

मॉरॅग किंचाळली. फर्गसने अनुपला उचललं. कुणीतरी बाहेर जाऊन घंटा वाजवली. नंदाताई मात्र खुर्चीत बसून राहिल्या, हात मांडीवर, रंग उतरलेला.

“मिसेस पी! जिंकलो आपण! तुम्हाला फरक कळला नाही!”

“हो ना,” नंदाताई म्हणाल्या. “पण तुमचं जमलं म्हणून कळला नाही, की माझं नाक गेलं म्हणून?”

घंटा थांबली. अनुपला खाली ठेवण्यात आलं. मॉरॅगने वहीवर टेकवलेली पेन्सिल परत अंबाड्यात खोचली. कारण दोन्हींचा निकाल अगदी एकसारखाच दिसला असता.

“नाक गेलं असेल तर मग नवी व्हिस्कीही चुकली असेल,” अनुप सावकाश म्हणाला.

“आणि व्हिस्की बरोबर असेल तरच नाक शाबूत,” रघुवीरराव दारातून म्हणाले. सिग्नल खात्यात त्यांनी असे घोळ पाहिले होते. “एक लाइन क्लिअर असल्याशिवाय दुसरी क्लिअर नाही. गाड्या उभ्या राहतात अशाने.”

“परत करा,” नंदाताई म्हणाल्या. “दुसरे पेले आणा. मला न सांगता, हवं ते भरा.”

मॉरॅगने फर्गसला खूण केली. त्याने काल संध्याकाळीच उतरवलेल्या दारूचा नमुना आणला. मॉरॅगने पाठ फिरवून पेले भरले आणि मांडले. या खेपेला पाऊण तास लागला नाही. नंदाताईंनी पहिला हुंगला, दुसरा हुंगला आणि तिथेच थबकल्या. डोळे मिटले.

“हा,” त्या म्हणाल्या. “ह्यात बेरी पांढरी आहे. मिळमिळीत. गप्प झाल्या झाल्या काढलंय. थांबलेच नाहीत.”

“अशक्य,” मॉरॅग म्हणाली. “तोच हंडा, तीच साखळी, तोच जाळ. फर्गस, सांग ना त्यांना.”

फर्गस कानापर्यंत लाल झाला होता. त्याने जमिनीकडे बघितलं, छताकडे बघितलं.

“दहा मिनिटं,” तो शेवटी म्हणाला. “फार तर बारा. ट्रेन यायची वेळ झाली होती, पाहुण्यांना आणायला जायचं होतं. दारूचा नळ जरा लवकर फिरवला. म्हटलं, कुणाला कळणार आहे?”

नंदाताई उभ्या राहिल्या. पाच फूट एक इंच.

“काय म्हणालास?”

“सॉरी, मिसेस पी.”

“बारा मिनिटं! अरे, तुझ्या आजोबांनी तुटक्या साखळीवर एकतीस वर्षं काढली, एकदा करपू दिलं नाही की कच्चं काढलं नाही. आणि तू ट्रेन बघून हंडा उतरवतोस? ट्रेन उभी राहिली असती की!”

“उभी नसती राहिली,” रघुवीरराव म्हणाले. “पण दोन्ही लाइन क्लिअर झाल्या. नाकही आणि व्हिस्कीही.”

“तुम्ही थांबा हो. चल, फर्गस. पुढचा हंडा कधी लागतो?”

“लागलाच आहे, मॅम. शेवटच्या टप्प्यात आहे.”

“मग इथे काय करतोयस?”

शाल खोचून त्या हंड्यांच्या दालनात शिरल्या, मागे फर्गस, त्याच्या मागे वही घेऊन मॉरॅग. आत तांब्याचा प्रचंड हंडा धापा टाकत होता. खाली जाळ, आत साखळीची घरघर, तुटक्या बाजूला येऊन दर फेऱ्याला एक अडखळ. फर्गसने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नंदाताईंनी त्याची मान हाताने हंड्याकडे वळवली. त्यासाठी त्यांना स्टुलावर चढावं लागलं.

“घड्याळ नाही बघायचं. नळावर हात ठेव.”

त्याने ठेवला. नंदाताईंनी तोंड वर केलं, डोळे मिटले. अनुपने श्वास रोखला, मॉरॅगची पेन्सिल हवेत राहिली.

“आत्ता?” फर्गसने विचारलं.

“गप्प.”

साखळी अडखळली, पुढे गेली. पुन्हा अडखळली.

“मिसेस पी, आत्ता?”

“थांब म्हटलं ना.”

आणि तो थांबला.